फज्रनंतरची पायवाट

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. उर्दूच्या तासाला ‘बहार’ हा शब्द आला की मुलं वहीत गुलाब काढतात. मराठीच्या तासाला ‘वसंत’ आला की आंब्याचा मोहोर आणि कोकिळ काढतात. दोन्ही शब्दांचा ऋतू एकच, हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते. आमच्या वर्गाच्या खिडकीतून पूर्वेला डोंगरांची लांब ओळ दिसते. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी मुलांना विचारलं, “त्या डोंगराकडे कोण कोण जाऊन आलंय?” 42 मुलांपैकी 5 हात वर झाले. “आणि कुणाची अम्मी गेलीय?” एकही हात वर झाला नाही.

मीरा रोडहून बोरिवली दोन स्टेशनं. मध्ये फक्त दहिसर. पूर्वेला उतरून थोडं चाललं की उद्यानाचा दरवाजा येतो. लग्नाच्या कपड्यांसाठी आपण मुंबईचं दुसरं टोक गाठतो, रमजानमध्ये मालपुव्यासाठी रात्री मोहम्मद अली रोडला जातो. पण दोन स्टेशनांवर असलेल्या जंगलात, सकाळी, केवळ चालायला म्हणून आपल्या घरातली बाई सहसा जात नाही. का जात नाही, आणि गेली तर काय होतं, हे मला गेल्या वर्षभरात माझ्या भाभीमुळे कळलं. तेच आज लिहिते आहे.

आधी थोडं मागचं सांगते. आमचं मूळ गाव रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याच्या बाजूला. माझी दादी वयाच्या साठीपर्यंत डोंगर चढत होती. पहाटे नमाज झाली की डोक्याला ओढणी घट्ट बांधायची, कमरेला कोयती आणि फाट्यांची मोळी आणायला चार-पाच बायकांबरोबर निघायची. उन्हाळ्यात करवंदं, काजूच्या बिया, पावसाआधी घर शाकारायला लागणारा पाला, सगळं डोंगरातून यायचं. तिला कुणी ‘फिरायला जातेस का’ असं विचारलं नाही, आणि ‘बायकांनी डोंगरात कशाला जायचं’ असंही कुणी म्हटलं नाही. डोंगर हा घरकामाचाच भाग होता.

मग गॅस आला, नळ आला, मुलं नोकरीला मुंबईत आली, काही आखातात गेली. या सगळ्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मोळीच्या ओझ्यानं दादीची मान कायमची आखडली होती, ते मी पाहिलंय. पण ओझ्याबरोबर चालणंही गेलं. सकाळची मोकळी हवा गेली आणि बरोबरीच्या बायकांच्या गप्पाही गेल्या. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आपण सुखात राहतो, आणि पन्नाशीला पोचेपर्यंत गुडघे, साखर, रक्तदाब या तिघांना घरी ठेवून घेतो.

माझी भाभी 54 वर्षांची आहे. साखर होऊन नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, तेव्हा ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागली. स्कूटर, पाण्याची टाकी, वॉचमनची खुर्ची, पुन्हा स्कूटर. आठवड्यात तिनं ते सोडलं. म्हणाली, “बाई, घाण्याच्या बैलासारखं वाटतं. बैलाला निदान तेल तरी मिळतं.” त्याच सुमारास भाईजाननी हिवाळ्यात दोघांनी उमऱ्याला जायचं ठरवलं. भाभी खूष झाली आणि दुसऱ्याच क्षणी घाबरली. “तवाफ होईल, पण सई कशी होणार? व्हीलचेअर करावी लागेल.”

सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या आसपास अंतर होतं. मी तिला म्हटलं, “भाभी, हजरत हाजिरा तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत दोन टेकड्यांमध्ये धावल्या. एका आईच्या पायपिटीची आठवण म्हणूनच तर साऱ्या दुनियेचे लोक तिथे चालतात. तुमच्या-माझ्या दादी-नानी डोंगर चढणाऱ्या. आपण रविवारी बोरिवलीच्या जंगलात जाऊ या.”

भाभी तयार झाली. अडला तो माझा पुतण्या. मुलगा गुणी आहे, आईवर जीव टाकणारा आहे. म्हणाला, “फुफी, बागेत न्या, समुद्रावर न्या. पण जंगलात? तिथे बिबटे आहेत. ऊन लागेल. आणि...” तो थांबला. मग हळूच म्हणाला, “अम्मी बुरख्यात असते. कोण काय बोलेल सांगता येत नाही. दिवस कसे आहेत तुम्हाला माहीत आहे.”

त्याच्या तिन्ही शंका खऱ्या होत्या. त्या हसण्यावारी नेल्या असत्या तर त्याचा विश्वास गेला असता. बिबट्यांचं म्हणाल तर या उद्यानात ते आहेतच. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय, तुळशी आणि विहार हे दोन तलावही त्यात आहेत. बिबट्या मुख्यतः संध्याकाळनंतर आणि रात्री हिंडतो. म्हणून उजेडात जायचं, वर्दळीच्या रस्त्यानं चालायचं, एकटं सुटायचं नाही, लहान मुलांचा हात सोडायचा नाही आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. उन्हाला उपाय पहाटेचा. फज्र पढून घराबाहेर पडलं आणि दहाच्या आत परतीला लागलं की झालं. तिसऱ्या शंकेला मात्र माझ्याकडे तोंडी उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “तू पण चल. बघ आणि मग ठरव.”

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं निघालो. भाभी, पुतण्या, दहावीतली माझी लेक आणि मी. सकाळी गारवा होता. दरवाज्यातून आत गेल्यावर कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता लागतो, त्याच रस्त्यानं चालायला लागलो. वाटेत दहिसर नदी भेटते. शहरात जिला आपण नाला समजून नाक मुरडतो, तीच ही नदी. इथे तिच्या पात्रातले दगड स्वच्छ दिसतात.

मुंबईकडची बहार पुस्तकातल्या बहारीसारखी नसते. आपल्याकडे ती पानगळीबरोबर येते. फाल्गुनात अर्धं जंगल उघडं पडतं आणि त्या उघड्या फांद्यांवर फुलं पेटतात. पळसाला एक पान नव्हतं, सगळं झाड केशरी. काटेसावरीची मोठी लाल फुलं टपटप खाली पडत होती. पानं नसल्यामुळे ती पाखरांना लांबूनच दिसतात. मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी सगळे मधासाठी त्या झाडांवर गर्दी करतात आणि एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलावर नेतात. खाली पडलेली फुलंही वाया जात नाहीत, चितळ ती आवडीनं खातात.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. लेकीला सांगू लागले: मराठीत पळस, उर्दूत टेसू किंवा ढाक. काटेसावर म्हणजे सेमल. बहावा म्हणजे अमलतास. तेवढ्यात भाभी थांबली. काटेसावरीच्या खोडावर, काटे चुकवून तिनं हात ठेवला. “याच्या बोंडात कापूस होतो. माझ्या आईनं माझ्या लग्नात याच कापसाच्या दोन उशा भरून दिल्या होत्या.” पुढे एका काटेरी झुडपाजवळ ती वाकली, छोट्या पांढऱ्या फुलांचा वास घेतला. “करवंद. दोन-अडीच महिन्यांत पिकतील.” मग पळसाच्या पानांच्या पत्रावळी कशा टाचायच्या, कुठली लाकडं धूर न करता जळतात, मोहाची फुलं पहाटे खाली पडतात म्हणून लवकर का जावं लागतं, असं ती बोलतच राहिली. पुतण्या गप्प राहून ऐकत होता. पंचवीस वर्षं ज्या आईला त्यानं ‘जेवलास का’ आणि ‘कधी येणार’ एवढंच विचारताना ऐकलं होतं, तिला एवढं काही येतं हे त्याला नवीन होतं. मलाही नवीन होतं.

आणि मग ती तिसरी शंका समोर आलीच. एका बाकाशी आम्ही टेकलो होतो. सकाळी फिरायला आलेले एक गृहस्थ जाता जाता थबकले, भाभीकडे बघून म्हणाले, “आज इकडे कुठे? इथे दर्गा वगैरे नाहीये.” आवाज चढा नव्हता, पण त्यातलं काय ते कळत होतं. पुतण्याचा चेहरा लाल झाला. तो उठणार, एवढ्यात भाभीच बोलली, “फुलं बघायला आलोय, भाऊ. पळस फुललाय ना.” गृहस्थ क्षणभर उभे राहिले, मान हलवली आणि निघून गेले. पटलं की नाही, कोण जाणे.

थोड्या वेळानं रोज येणाऱ्या चार-पाच वयस्क बायका त्याच बाकाशी आल्या. आम्ही सरकून जागा दिली. एकीनं डब्यातला खाकरा पुढे केला, भाभीनं खजूर दिले. गुडघ्यांच्या गप्पा सुरू झाल्या, त्या सुनांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एकीनं विचारलं, “यात गरम होत नाही का हो?” भाभी म्हणाली, “होतं ना. तुम्हाला नऊवारीत नाही व्हायचं?” त्या मोठ्यानं हसल्या. पुढच्या रविवारी लांबूनच हाक आली, “आज उशीर झाला का?” एका सकाळी दोन्ही प्रकारची माणसं भेटली. पहिल्याची भीती धरून घरी बसलो असतो, तर दुसऱ्या भेटल्याच नसत्या.

मार्चच्या सुरुवातीला रमजान लागला. रोज्यात आम्ही चढणीचं चालणं बंद ठेवलं. ईदनंतर पुन्हा सुरू केलं, तेव्हा जंगल बदललेलं होतं. पळस ओसरला होता, कुसुमाच्या झाडांना तांबडी लाल कोवळी पालवी फुटली होती, लांबून पाहणाऱ्याला फुलंच वाटावीत अशी. करंज पोपटी झाला होता. महिनाअखेरीला बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागले. तांबट पक्षी कुठेतरी बसून हातोडी मारल्यासारखा टुक टुक करत होता. पाच-सहा आठवड्यांत इतका फरक पडतो, आणि तो बघायचा असेल तर पुन्हा पुन्हा जावं लागतं.

अशाच एका सकाळी दरवाज्याजवळच्या मोकळ्या मैदानात लेकीनं माझा हात दाबला. बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर तुरा, लांब चोचीनं जमीन उकरत होता. हुदहुद! सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हाच पक्षी. लहानपणापासून त्याचा किस्सा ऐकलेला, पण तो आपल्या मुंबईत गवतातले किडे टिपत हिंडतो, हे माझ्या लेकीनं पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी घरी तिनं सगळ्यांना तो किस्सा स्वतः सांगितला.

या उद्यानात पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. पक्ष्यांचं नाव निघालं की मी मुलांना सालिम अलींची गोष्ट सांगते. 1896 साली मुंबईतल्या मुस्लिम घरात जन्मलेला हा मुलगा, मामांच्या घरी वाढलेला. छर्ऱ्याच्या बंदुकीनं त्यानं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे मामांना सांगता येईना, म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेला, आणि त्या एका प्रश्नामागे आयुष्यभर चालत राहिला. आपल्या रायगडातल्याच किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला. 1976 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्या मुलांना डॉक्टर, इंजिनिअर व्हायला आपण सांगतोच. रानात डोळे उघडे ठेवून चालणं हीसुद्धा विद्या आहे, हेही कधीतरी सांगावं.

मेच्या पहिल्या रविवारी आम्ही थेट कान्हेरीपर्यंत पोचलो. दरवाज्यापासून सहा-सात किलोमीटर. जाताना चालत, येताना उद्यानाच्या बसनं. काळ्या कातळात कोरलेली शंभराहून जास्त बौद्ध लेणी इथे आहेत. बहुतेक लेण्यांच्या दाराशी पाणी साठवण्याची टाकी खोदलेली आहे, पावसाचं पाणी त्यात वळवण्यासाठी कातळातच पन्हळी कोरल्या आहेत. भाभी बराच वेळ ते निरखत होती. म्हणाली, “हुशार होते लोक. पाण्यासाठी डोंगर उतरावा लागत नव्हता.” एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ.स. 1009 आणि 1021 मधले. इथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावं त्यात कोरून ठेवली आहेत. पहलवी म्हणजे फारसीचंच जुनं रूप, आणि आपली उर्दू फारसी शब्दांनी भरलेली. हजार वर्षांपूर्वी वेगळ्या धर्माचे, वेगळ्या भाषेचे लोक हा डोंगर चढून आले आणि ‘आम्ही इथे आलो होतो’ असं लिहून गेले. पुतण्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे त्यांना कुणी ‘इकडे कुठे’ विचारलं नसणार.” भाभी म्हणाली, “विचारलं असेल रे. तरी आले.”

गेल्या डिसेंबरात भाईजान आणि भाभी उमऱ्याहून परतले. सईच्या सातही फेऱ्या भाभीनं स्वतःच्या पायांनी केल्या, मध्ये दोनदा बसून. तिच्या गोळ्या चालूच आहेत, गुडघा अजूनही थंडीत दुखतो. चालण्यानं रोग पळून जातो असा दावा मी करणार नाही. पण पार्किंगच्या फेऱ्यांना कंटाळलेली बाई आता शनिवारी रात्रीच पाण्याची बाटली भरून ठेवते.

तुम्हालाही जावंसं वाटत असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. सुरुवात सपाट रस्त्यानं आणि अर्ध्या तासानं करावी, अंतर दर आठवड्याला थोडं वाढवावं. पायात सपाता-चपला नकोत, पकड असलेले बूट आणि सुती मोजे हवेत. साखरेच्या माणसानं घरी आल्यावर तळवे नीट तपासावेत, कारण छोटी जखम त्याला कळत नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघू नये, खजूर किंवा साखर खिशात ठेवावी आणि आधी डॉक्टरांना विचारावं. बुरखा असेल तर फिक्या रंगाचा, सुती आणि घोट्यापर्यंतच असावा, म्हणजे तो चढणीवर पायात येत नाही. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीवर झडप घालतात, म्हणून खाणं बॅगेत बंद ठेवावं. त्यांना खायला घालू नये. फुलं खाली पडलेली उचलून बघावीत, फांदी मोडू नये. सोमवारी हे उद्यान बंद असतं.

बोरिवली सगळ्यांना जवळ नाही, हे खरं. पण ठाणेकरांना येऊर आहे, पुणेकरांना तळजाई आणि वेताळ टेकडी आहे, औरंगाबादकरांना हिमायत बाग आहे, नागपूरकरांना अंबाझरी आहे. कोकणातल्या वाचकांना तर दाराबाहेर पाऊल टाकलं की पुरे. फाल्गुन-चैत्राचे दिवस थोडे असतात. मेच्या मध्यानंतर उकाडा चालू देत नाही, मग पाऊस.

एक विनंती घरातल्या पुरुषांना आहे. बाईला सकाळी बाहेर पडू न देणारा खरा अडसर बहुतेक घरांत बिबट्या नसतो, नाश्ता असतो. आठवड्यात एका सकाळी चहा तुम्ही करा, मुलांना तुम्ही उठवा. माझा पुतण्या आता रविवारी आम्हाला स्टेशनवर सोडतो आणि परत जाऊन अंडी आणि पाव तयार ठेवतो. अंड्यात मीठ कमी-जास्त होतं. भाभी काही बोलत नाही, दोन पाव जास्त खाते आणि पुढचा रविवार पक्का करते.